वाचक विचारतात: खाडीवरची मेक्सिकन संध्याकाळ

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा भाग आहे. तिथल्या जुन्या कालव्यांतून ‘त्राहिनेरा’ फिरतात. या लांबट, सपाट तळाच्या, भडक रंगवलेल्या होड्या. मधोमध टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, वर छप्पर, पुढे नाव लिहिलेली कमान. आपली होडी चालू असतानाच खाण्याची होडी शेजारी येऊन लागते, तिच्यामागून वादकांची. १९८७ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पावसाळा संपला की ‘असंच काहीतरी आपल्या खाडीत करायचंय’ अशी पत्रं ठाण्या-नवी मुंबईतून येऊ लागतात. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सगळा हिशेब पंचवीस माणसांचा धरला आहे.

प्रश्न: आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पौर्णिमेच्या संध्याकाळी बोट घ्यायची आहे. साडेपाचला निघून साडेआठपर्यंत परत. वेळ बरोबर आहे ना? (वाशी)

वेळ बरोबर आहे, तिथी चुकते आहे. सोचिमिल्कोच्या कालव्यांना भरती-ओहोटी नाही, तिथे कधीही निघा. आपल्या खाडीत आधी पाणी बघायचं आणि मग आमंत्रणं छापायची.

कोकणात भरतीचा अंदाज बांधायची जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याचे तीन चतुर्थांश करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. तिचे तीन चतुर्थांश सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी, साडेपाच ते सहाच्या दरम्यान, पूर्ण ओहोटी. त्यात पौर्णिमेला उधाण असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या पुढे जातो. तुमचे पाहुणे नटूनथटून धक्क्यावर येतील तेव्हा समोर चिखल असेल आणि बोट पायऱ्यांच्या खूप खाली असेल. अमावस्येचंही तेच.

आता अष्टमी घ्या. आठाचे तीन चतुर्थांश सहा. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. या दिवसांत भांगाची भरती असते. चढउतार दीड मीटरच्या आसपास, ओढ कमी, आणि ओहोटीलाही पाणी अगदी तळाला जात नाही. तीन तासांच्या संध्याकाळच्या फेरीला नवमी-दशमी सगळ्यांत सोयीची. त्यातही शुक्ल पक्षातली घ्या, कारण सूर्यास्ताला चंद्र वर आलेला असतो. कृष्ण दशमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणून हा अंदाज केवळ तारीख निवडण्यापुरता वापरा. नक्की वेळ भरतीच्या छापील तक्त्यावरून आणि बोटीच्या तांडेलाकडून पक्की करा. आणखी एक गोष्ट: निघायचं ते पाणी चढत असताना. चढत्या पाण्यात बोट गाळावर टेकली तर थोड्या वेळात पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत केक तिथेच कापावा लागतो.

प्रश्न: बोट ठरवताना मालकाकडे कोणते कागद मागायचे? ‘चाळीस माणसं आरामात बसतील’ असं ते म्हणतात. (सीवूड्स)

‘आरामात’ हा शब्द सोडून द्या आणि परवान्यावरचा आकडा वाचा. नोंदणी, सर्व्हेचा चालू दाखला आणि विमा हे तीन कागद बघायचेच. सर्व्हेच्या दाखल्यावर प्रवासी किती आणि खलाशी किती हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. सूर्यास्तानंतर बोट चालवायची परवानगी आहे का हेही तिथेच तपासा. बऱ्याच लहान बोटींना ती नसते. असली तर डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लागतो का ते दिवसा, धक्क्यावर, पेटवून बघा. पावसाळ्यात बोट मागूच नका.

परवाना चाळीसचा असेल तर पाहुणे पंचवीस ते अठ्ठावीसच बोलवा. फेरीबोटीत माणूस बाकावर बसून राहतो, पार्टीत तो उठतो, नाचतो, फोटो काढायला एका कठड्याला गोळा होतो. त्याशिवाय टेबल, पस्तीस किलो बर्फ, पन्नास लिटर पाणी आणि बॅटरी हे सगळं वजन आहेच. जड सामान बोटीच्या मधोमध आणि तळाशी ठेवायचं. टपावर कोणालाही चढू द्यायचं नाही. वर गेलेलं वजन बोटीला डोलायला लावतं, मग ती सावरायला वेळ घेते.

मार्गाचं म्हणाल तर ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पश्चिमेकडचा भाग हे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथे वनखात्याचे नियम चालतात आणि गाणीबजावणी तिथे नकोच. साधारण नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी असतात, म्हणजे नेमका तुमचाच हंगाम. बेलापूर-नेरूळकडची पनवेल खाडी किंवा ठाण्याहून गायमुखच्या बाजूची खाडी निवडा, आणि तिथेही तिवरांच्या काठापासून लांब राहा. मार्गात पूल असेल तर भरतीला पुलाखालची उंची कमी होते. कमान बांधणार असाल तर तिची उंची तांडेलाला आधी सांगा.

प्रश्न: तिकडे होडी काठीने ढकलतात. तशी बिनइंजिनाची होडी इथे चालेल का? (कळवा)

नाही. तिथलं पाणी उथळ आणि जवळजवळ स्थिर आहे, काठी तळाला टेकते. आपल्या खाडीच्या मधल्या पात्रात काठी टेकणार नाही आणि जिथे टेकेल तिथे गाळात रुतेल. ओढ लागली की होडी हाताबाहेर जाते. मात्र निवांतपणा आणायचा तर तांडेलाला सांगून भरती पूर्ण होण्याच्या सुमाराला अर्धा-पाऊण तास इंजिन बंद करून नांगर टाकता येतो. त्या वेळी ओढ सगळ्यांत कमी असते. गाणं आणि जेवण त्या वेळात बसवा.

प्रश्न: बाजारातलं मक्याचं पीठ आणून टॉर्टिया केल्या. लाटताना चिरा पडतात आणि भाजल्यावर दुमडल्या की तुटतात. गव्हाचं पीठ मिसळलं तर पोळीच होते. काय चुकतंय? (पाचपाखाडी, ठाणे)

हात चुकत नाहीये. मका वेगळा आहे. आपलं मक्याचं पीठ म्हणजे कोरडा मका दळलेला. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, मग ओला वाटतात. चुन्याने दाण्याची साल सुटते, आतला पिष्टमय भाग थोडा शिजतो आणि पिठाला चिकटपणा येतो. तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे नुसतं गरम पाणी पुरत नाही. चुन्याचा दुसरा फायदा असा की मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. मका युरोपात गेला पण चुन्याची रीत मागेच राहिली, त्यामुळे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग व्हायचा.

शंभर टॉर्टियांना पावणेदोन किलो वाळलेला मका घ्या. धान्याच्या दुकानातला पूर्ण पिकलेला, टणक; स्वीट कॉर्न नाही आणि लाह्यांचा मकाही नाही. पाणी साडेपाच लिटर, खाण्याच्या चुन्याची पूड अठरा ग्रॅम, म्हणजे मक्याच्या वजनाच्या एक टक्का. पानाचा ओला चुना असेल तर साधारण दुप्पट वजन घ्या, पण तो साधा, काही न मिसळलेला हवा. रंगाचा चुना मुळीच नको. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते.

चुना पाण्यात विरघळवून मका घाला आणि मंद आचेवर चाळीस मिनिटं शिजवा. दाणा बोटात धरून चोळला की साल निघायला हवी, पण मधे दाताखाली कच येत राहिली पाहिजे. तिथे गॅस बंद करा, झाकून आठ ते बारा तास ठेवा. सकाळी पिवळं पाणी ओतून द्या आणि दोन पाण्यांत हलके चोळून धुवा. सगळी साल काढायच्या मागे लागू नका, थोडी राहिली तर पीठ जास्त चांगलं बांधलं जातं.

बहुतेकांचं बिघडतं ते वाटताना. मिक्सरला फिरायला पाणी लागतं, ते घालत गेलं की पीठ डोशासारखं सैल होतं. इडलीचा दगडी ओला ग्राइंडर वापरा, मूठमूठ दाणे आणि चमचाचमचा पाणी. पीठ हाताला लागू नये पण दाबल्यावर कडेला चिरही पडू नये. चिर पडली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. सैल झालंच तर कोरडं मक्याचं पीठ थोडं मिसळून वेळ निभावून न्या.

तीस ग्रॅमचा गोळा, जाड प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून पुरीच्या दाबयंत्राने दाबला की चौदा सेंटिमीटरची टॉर्टिया होते. लाटण्याच्या भरीस पडू नका. तवा चांगला तापलेला हवा: पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी एक मिनिट, पुन्हा पहिली बाजू, आणि कापडाने मधोमध दाबलं की ती फुगते. फुगली नाही तर तवा थंड होता किंवा पीठ कोरडं होतं.

भाजलेल्या टॉर्टिया कापडात गुंडाळून झाकणाच्या गरम डब्यात ठेवतात. तासभर त्या वाफेने मऊ होतात, दीड तासानंतर वाफेचंच पाणी होऊन एकमेकींना चिकटतात. म्हणून निघण्याआधी शेवटच्या तासात भाजा, डब्याच्या झाकणाखाली कोरडा पंचा घाला आणि पहिल्या तासात वाढून मोकळे व्हा. इतका खटाटोप नको असेल तर मोठ्या दुकानांत ‘मासा हारिना’ नावाने चुन्याचं तयार पीठ मिळतं. महाग आहे, पण हेच काम करतं.

प्रश्न: टाकोचं (दुमडलेल्या टॉर्टियात भरायचं) सारण बोटीवरच गॅसवर परतलं तर गरमागरम मिळेल. छोटा सिलिंडर न्यावा का? (घणसोली)

नेऊ नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, इंजिनही तिथेच असतं. शिवाय डोलणाऱ्या बोटीवर गरम तेलाची कढई आणि आजूबाजूला मुलं. सोचिमिल्कोतही शेगडी बहुधा खाण्याच्या वेगळ्या होडीवर असते, पाहुण्यांच्या टेबलाजवळ नाही. आपल्याकडे त्या होडीचं काम घराने किंवा धक्क्याने करावं.

सारणं अशी निवडा की जी आटवलेली असतील आणि डब्यात दोन-तीन तास गरम राहतील. माणशी साडेतीन टाको धरले की नव्वद होतात, प्रत्येकात चाळीस ग्रॅम सारण, म्हणजे साडेतीन किलो. निम्मं चिकन टिंगा: दीड किलो बोनलेस चिकन उकडून तंतू काढा, अर्धा किलो उभा कांदा परतून त्यात अर्धा किलो टोमॅटो, लसूण आणि चिपोटले घाला, रस पार आटेपर्यंत शिजवून चिकन मिसळा. चिपोटले म्हणजे धुरावर वाळवलेली पिकलेली हालापेन्यो मिरची. ती मिळाली नाही तर भिजवलेली बेडगी वाटून घाला आणि शेवटी निखाऱ्याचा धुंगार द्या. तूप मात्र धुंगाराला वापरू नका, त्याचा वास लगेच दालमखनीकडे नेतो. तेलाचा थेंब टाका.

निम्मं शाकाहारी: सातशे ग्रॅम चित्रा राजमा रात्रभर भिजवून, मऊ शिजवून, कांदा-लसणाच्या फोडणीत ठेचून कोरडा करा. ठाण्याच्या भाजीबाजारात भोपळ्याची फुलं दिसली तर सोडू नका. मेक्सिकोत ती कांदा आणि मिरचीवर परतून टॉर्टियात घालतात. हे सारण मात्र थंडही चालतं. तिथल्या ताज्या चीजऐवजी पनीर कुस्करून, मीठ लावून, अर्धा तास दाबून घ्या.

सारण डब्यात भरताना उकळतं भरा. पदार्थ साठ अंशांच्या वर किंवा पाच अंशांच्या खाली राहिला पाहिजे, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नाही. म्हणून मेयोनीज, सावर क्रीम आणि कोळंबीचं सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेली कोळंबी) या बोटीवर नको. तळलेल्या माशाचे टाको आवडतात सगळ्यांना, पण वाटेतच कुरकुरीतपणा जातो. ते घरच्या गच्चीसाठी ठेवा.

वाढायला एकच माणूस नेमा. प्रत्येकाने आपापला टाको भरायचा म्हटलं की टेबलाभोवती गर्दी होते आणि बोट त्या बाजूला झुकते.

प्रश्न: हिरव्या साल्सासाठी टोमॅटिलो कुठे मिळतील? (खारघर)

टोमॅटिलो म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं हिरवं फळ. ताजे मिळणं कठीण, त्यांच्या मागे फिरू नका. पूर्ण कच्चे, हिरवेगार टोमॅटो एक किलो घ्या, आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि एका कांद्यासोबत तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, दोन जुड्या कोथिंबीर आणि मीठ घालून भरड वाटा. टोमॅटिलो मुळात आंबट असतो, कच्चा टोमॅटो तितका नसतो. म्हणून दोन-तीन लिंबं पिळा. लाल साल्सासाठी एक किलो पिकलेले टोमॅटो, दहा बेडगी, एक कांदा आणि सहा पाकळ्या लसूण असेच भाजून वाटा. दोन्ही मिळून पंचवीस जणांना पुरतात. आदल्या दिवशी केल्या तर चव उलट सुधारते. ग्वाकामोलेचं तसं नाही. ते काळं पडतं, म्हणून ॲव्होकाडो आठ-नऊ अख्खे न्या आणि बोटीवर ठेचा. लिंबू, कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, बस. क्रीम घालायची आपल्याकडची सवय सोडली तर बरं.

प्रश्न: मासळीवाल्यांकडचा बर्फ स्वस्त पडतो. किती घ्यावा? (कोपरी, ठाणे)

बाटल्या थंड करायला घ्या, पेल्यात टाकायला नाही. कारखान्यातला लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते. म्हणूनच खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. पंचवीस जणांना थंड करण्यासाठी पंचवीस किलो लादीचा बर्फ आणि पेल्यांसाठी दहा किलो पॅकबंद खडे. दोन्हींच्या पेट्या वेगळ्या आणि चिमटाही वेगळा. बाटल्या आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये असतील तरच हा हिशेब पुरतो. गरम बाटल्या बर्फात टाकल्या तर निम्मा बर्फ पहिल्या तासातच जातो. पेटीतलं वितळलेलं थंड पाणी ओतून देऊ नका, नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होते.

प्रश्न: मार्गारिटा बोटीवर शेक करत बसायचं का, की आधी करून नेता येते? आणि खाजगी बोट असली तर परवाना कशाला? (घोडबंदर रोड)

परवान्याचं आधी. बोट खाजगी असली तरी ती महाराष्ट्रातच आहे. पार्टीत दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना घ्यायचा, पिणाऱ्यांकडे आपापलं परमिट हवं. बिअरला वय एकवीस, टकिलासारख्या मद्याला पंचवीस. तारीख ड्राय डे नाही ना हेही बघून ठेवा. बोटमालकाला लेखी विचारा. काही जण दारू चालवूनच घेत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. तांडेल आणि खलाशांना पेला द्यायचा नाही, आग्रहानेही नाही.

मार्गारिटा आधी करून नेणंच चांगलं. वीस पेल्यांना टकिला एक लिटर, संत्र्याची लिक्युअर (ट्रिपल सेक) चारशे मिलिलिटर, लिंबाचा रस तीनशे मिलिलिटर. शेक करताना बर्फ वितळून जे पाणी मिसळतं ते इथे मिसळत नाही, म्हणून साडेतीनशे मिलिलिटर पाणी मोजून घालायचं. हे विसरलं की पेय जहाल लागतं आणि माणसं नकळत जास्त पितात. आपलं कागदी लिंबू आंबट असतं. चव बघून साखरेचा पाक वाढवा. रस त्याच दुपारी काढलेला हवा, आदल्या दिवशीचा कडवट लागतो. बाटल्यांत भरून बर्फाच्या पाण्यात ठेवा, ओतण्याआधी हलवा.

टकिला घेताना बाटलीवर ‘शंभर टक्के अगावे’ (टकिला जिच्यापासून करतात ती घायपातीसारखी वनस्पती) असं लिहिलंय का बघा. ते नसेल तर ती मिक्स्तो. तिच्यात अगावेची साखर किमान एक्कावन्न टक्के असते, बाकीची उसाची वगैरे. टकिला हे नाव हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरलेल्या भागांतल्या मद्यालाच लावता येतं. मीठ पेल्याच्या अर्ध्याच काठाला लावा, ज्याला नको त्याला दुसरी बाजू राहते. पेले स्टीलचे. काचेचा पेला बोटीवर फुटला की अंधारात अनवाणी पायांखाली येतो.

माणशी दोन पेले हा आमचा सल्ला. उतरताना धक्क्याच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, तेवढी शुद्ध हवी.

प्रश्न: आमच्यात निम्मे न पिणारे आणि लहान मुलं आहेत. त्यांना कोकचे कॅन द्यायचे का? (ऐरोली)

मेक्सिकोची खरी गंमत त्यांच्याच पेल्यात आहे. ‘आग्वा फ्रेस्का’ म्हणजे फळाफुलांची पातळ सरबतं. त्यांतलं ‘हामायका’ लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांचं. सुकवलेली बोंडं आयुर्वेदिक दुकानांत किंवा ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळतात; जास्वंदाच्या पाकळ्या घेऊ नका, त्यांत तो आंबटपणा नसतो. दोनशे ग्रॅम बोंडं तीन लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळून सहाशे ग्रॅम साखर विरघळवा. हा अर्क बाटल्यांत नेऊन बोटीवर पाच लिटर थंड पाण्यात मिसळा. आंबट असल्यामुळे तो टिकतो.

चिंचेचं सरबत तिथेही करतात, ते तुम्हाला सांगायला नको. तांदूळ-दालचिनीचं ‘ओर्चाता’ चवीला सुरेख, पण उन्हाळी हवेत ते लवकर आंबतं आणि तळाशी साका बसतो. घरच्या जेवणाला करा, बोटीवर नको. साधं पाणी माणशी एक लिटर वेगळं धरा.

प्रश्न: मारियाची गाणी स्पीकरवर लावायची की वादक आणायचे? बोटीवर वीज नाही. (बेलापूर)

मारियाचीचा पूर्ण ताफा म्हणजे व्हायोलिनं, ट्रम्पेट, लहान आकाराची विहुएला, गिटार आणि पोट सुटलेलं अवाढव्य गितारोन, जे खर्जाचं काम करतं. २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत या संगीताचा समावेश झाला. पण दहा-बारा वादक बोटीवर घेतले तर पाहुणे कुठे बसवणार? शिवाय ट्रम्पेटचा आवाज पाण्यावरून फार लांब जातो, काठावरच्या पक्ष्यांना आणि सोसायट्यांना तो नको असतो.

बोटीसाठी मेक्सिकोचाच दुसरा प्रकार जास्त शोभतो: त्रिओ. दोन गिटार आणि एक रेकिंतो, म्हणजे वरच्या पट्टीत लावलेली लहान गिटार, आणि तिघं मिळून गातात. बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, हा त्यांचा हातखंडा. वीज लागत नाही, तीन खुर्च्यांत मावतात. ठाण्यात चांगले गिटारवादक पुष्कळ आहेत. रेकिंतो नसेल तर साध्या गिटारीला पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की तोच सूर मिळतो. स्पॅनिश उच्चारांची तालीम मात्र करून घ्या. रांचेरा, म्हणजे मेक्सिकोच्या गावाकडच्या गाण्यांना तीन चाली पुरतात: तीन मात्रांचा वॉल्ट्झ, दोन मात्रांची पोल्का, चार मात्रांचा बोलेरो. ‘सोन’ प्रकार सोपा समजून घेऊ नका. त्यात सहा मात्रांचे वजन कधी दोनदा तीन, कधी तीनदा दोन असं पडतं. दादऱ्याच्या सवयीने ठेका धरणारे तिथे हमखास चुकतात.

सूर्यास्तापर्यंत बोलेरो, नांगर टाकल्यावर रांचेरा, परतीला पोल्का किंवा कुंबियासारखं नाचाचं संगीत. नाचायचं असेल तर तांडेलाला विचारून आणि बोट थांबलेली असतानाच.

विजेचं गणित असं: दिव्यांच्या माळा चाळीस वॉट, स्पीकर सरासरी साठ वॉट, चार तासांचे चारशे वॉट-तास. इन्व्हर्टर थोडी वीज खातो, म्हणून पावणेपाचशे धरा. बारा व्होल्टची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, म्हणजे शंभर ॲम्पिअर-तासांची बॅटरी बरोबर पुरते. ती बांधून, झाकून, पाण्यापासून दूर ठेवा. बोटीच्या स्वतःच्या बॅटरीला हात लावू नका. ती संपली तर इंजिन सुरू होणार नाही. पेट्रोलचा जनरेटर तर नकोच: आवाज, धूर, आणि छपराखाली साचणारा विषारी वायू. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा नियम २००० सालापासून सगळीकडे आहे, पाण्यावरही.

प्रश्न: सजावटीला रंगीत प्लास्टिकच्या झालरी मागवल्या आहेत. ठीक आहे ना? (नेरूळ)

परत करा. वाऱ्याने तुटल्या की सरळ तिवरांत जातील. मेक्सिकोत झालरी पातळ कागदाच्या असतात, ‘पापेल पिकादो’. कारागीर कागदांची चळत ठेवून छिन्नीने एकदम नक्षी पाडतात. घरी पतंगाचा कागद चार घड्या घालून कात्रीने कापा. वरची दोन सेंटिमीटर कड दोऱ्यावर दुमडून खळीने चिकटवा, आणि भोकं मोठी ठेवा म्हणजे वारा आरपार जाईल. दोरे बोटीच्या लांबीला धरून बांधा, आडवे बांधले तर वारा त्यांना फाडतो. तासाभरात दमट हवेने कागद मऊ पडतात, म्हणून शेवटच्या क्षणी लावा.

झेंडू मात्र हवा तितका वापरा. तो मूळचा मेक्सिकोचाच, तिकडे मृतांच्या सणाला त्याचे ढीग लागतात. दसरा-दिवाळी उलटली की भावही उतरतो. कमान बांबूची आणि कापडाची करा. प्लायवूडची कमान जड होते आणि शिडासारखा वारा धरते. कमानीवर त्राहिनेरासारखं आईचं, आजीचं नाव लिहा, ती तिथली रीतच आहे. फुगे, चमकी, मेणबत्त्या नकोत.

प्रश्न: डासांचं काय? (कळंबोली)

धक्क्यावर आणि तिवरांजवळ भरपूर, मधल्या पात्रात वाऱ्यामुळे कमी. पूर्ण बाह्या, चढण्यापूर्वी मलम, आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे. उदबत्ती-कॉइल बोटीवर पेटवू नका.

प्रश्न: सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, जॅकेट साडीवर घालायला तयार नाहीत. त्यांना सूट द्यावी का? मुलांसाठी मोठ्यांचंच जॅकेट चालेल का? (ठाणे पूर्व)

दोन्हींना नाही. जॅकेट बाकाखाली रचलेलं असून उपयोग नाही, अंगावर हवं, सगळे बंद लावून. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या अंगातून वर निघून येतं, म्हणून मुलांच्या मापाची जॅकेटं बोट ठरवतानाच मोजून मागा. नसली तर स्वतः आणा. सासूबाईंना चढायला सोपं जावं म्हणून भरती चांगली चढलेली असताना बोट लावायला सांगा, तेव्हा डेक आणि धक्का जवळपास एका पातळीत येतात. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा, पण त्यावरून घरात वाद नको. साडी थोडी वर खोचून, पायात मागे पट्टा असलेली चप्पल आणि बसायला मधली, इंजिनाच्या धुरापासून लांबची जागा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि पोलिसांचा ११२ हे दोन आकडे किमान तिघांच्या फोनमध्ये असू द्या. चढताना आणि उतरताना डोकी मोजायचं काम एकाच माणसाकडे सोपवा, शक्यतो न पिणाऱ्या.